नळीला पाय

द्राक्षांचा हंगाम संपला तसा भाडेकरू गेला,
दोन महिन्यांचं भाडं बुडवून,
कोपऱ्यात एक दुर्बीण सोडून.
नुसती नळी. सत्तर मिलिमीटरचं भिंग, कापडी टोपी,
पाय नाहीत, बूड नाही.

नोल्फा पास्तेनने ती खिडकीत टेकवून पाहिली,
मग पिठाच्या पोत्यावर, मग धुण्याच्या पालथ्या टोपावर.
चंद्र दिसला,
पण विहिरीत बादली पडल्यावर दिसतो तसा.

म्हणून आज ती ओवायेला आलीय,
चष्मे आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या
एलेऊतेरिओ बुगेन्योच्या दुकानात,
नळी शालीत गुंडाळून, तान्ह्या पोरासारखी.

त्याने आधी काढली कॅमेऱ्याची तिवई.
ॲल्युमिनियमची, किलोभराची, काखेत मावेल.
नोल्फाने नळीला नखाने टिचकी मारली
आणि मोजायला लागली.
अकरापर्यंत मोजलं, तरी थरथर थांबेना.
ही थरथर तिच्या ओळखीची होती.
काही न बोलता तिने तिवई बाजूला सारली.

मग आलं ते लोखंडी धूड,
वाकडी मान, दांड्याला वजनं, अंशांच्या खुणा.
‘हे खरं,’ बुगेन्यो म्हणाला, ‘आकाश फिरेल तसं
एका खिट्टीवर फिरतं. फक्त याची मान
आधी ध्रुवाकडे रोखायची.’
‘कुठल्या?’
तो ओशाळा हसला.
‘दक्षिणेचा एक आहे म्हणतात, बाई.
पण तो ज्याला नुसत्या डोळ्यांनी सापडतो
त्याला दुर्बीण कशाला हवी?’

आपण ज्याला अढळपद म्हणतो
ते या आकाशात रिकामं आहे.
पाट मांडलेला, बसलेलं कोणी नाही,
आणि भोवती सगळी पंगत फिरते आहे.

शिवाय अकरा किलो.
बस उर्तादोपर्यंतच जाते, तीही शुक्रवारी.
पुढे तीन तास खेचर,
त्याच्या पाठीवर आधीच पीठ, मीठ, गॅसची टाकी.
खेचराला विचारून घ्यायला हवं.

तिसरी फळीखाली होती, धुळीत.
लाकडाचे आखूड पाय, एकावर सिगारेटचा डाग,
वर एकच हात, त्याला दोन खिट्ट्या:
वर-खाली, डावी-उजवी.
बकरीच्या मानेला येतं तेवढंच.
टिचकी. एक, दोन, तीन.
थांबली.

चाळीस हजार पेसो म्हणाला, एकतीसवर आला.
बुडालेलं भाडं धरलं तर
फुकटची दुर्बीण चांगलीच महाग पडली.

तीन तिघाडा काम बिघाडा म्हणणाऱ्यांनी
उतारावर कधी चौपाई मांडली नसावी.
चार पायांत एक नेहमीच अधांतरी,
तिघं मात्र कुठल्याही दगडधोंड्यांत
आपापसांत जमवून घेतात.

वर, बकऱ्यांच्या वाड्याशी, ओर्फेलिना वाट पाहत होती.
थोरली बहीण. दूध काढताना
अर्धं आता जमिनीवर सांडतं.
मागे कोणीतरी तिच्या हातात द्विनेत्री दिली होती;
तिने लगेच परत केली,
म्हणाली, तारेही म्हातारे झालेत, माझ्यासारखेच कापतात.

नोल्फाने तिवई रोवली,
वारा होता, म्हणून चीज दाबायचा धोंडा
पिशवीत घालून मध्ये टांगला.
‘हात मागे बांध. डोळा तेवढा लाव.’

बराच वेळ काही नाही.
एका बकरीची घंटा, मग तीही गप्प.
‘कोणी धरलंय?’ ओर्फेलिनाने विचारलं.
‘कोणी नाही.’
‘खोटं.’
नोल्फाने आपले दोन्ही हात
तिच्या दुसऱ्या डोळ्यापुढे धरले.

चंद्राची कड, खळग्यांच्या सावल्या,
जात्याच्या टाकीसारख्या, ठसठशीत.
मग ती कड हळूहळू काठाशी आली, काठाबाहेर.
‘गेला.’
‘मग फिरव ना खिट्टी.’
‘मी?’
तिने मागचा हात सोडवला,
खिट्टी दोनदा हुकली, तिसऱ्यांदा सापडली,
आणि सगळा चंद्र गदगदा हलला.

‘सोड आता. मोज.’
दोघी मोजू लागल्या.
एक.
दोन.